तीन पाण्यांनी धुतलेला ड्रम

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

"जी बाटली तू स्वतः भरली नाहीस, तिच्याबद्दल एवढंच लिहायचं, की बाटली होती."

विमलाबाई हे म्हणाल्या त्याला पंचवीस वर्षं तरी झाली. कॉलेजात आमचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल त्या घ्यायच्या. मी गोदावरीच्या पाण्याचे आकडे सुंदर अक्षरात मांडून नेले होते. त्यांनी विचारलं, पाणी कुठून घेतलंस? म्हटलं, मैत्रिणीने आणून दिलं, रामकुंडावरून. त्यांनी पानावर आडवी रेघ मारली आणि वरचं वाक्य बोलल्या. मला राग आला होता. मैत्रीण कशाला खोटं बोलेल? पुढे दोन वर्षांनी तिनेच हसत सांगितलं, की उन्हात रामकुंडापर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून तिने होस्टेलच्या नळाचं पाणी भरलं होतं.

आज दुपारी, आमची लॅब चालवणाऱ्या शेखर सरांनी माझ्या टेबलावर तेलाची एक बाटली आणून ठेवली. "राजशेठचा दुसरा लॉट आलाय. ऑगस्टसारखंच करून टाका."

राजशेठ परदेशातून तेल मागवतात. कागदावर 'शुद्ध केलेलं बेस ऑइल', म्हणजे वंगण बनवायचं मूळ तेल, असं लिहिलेलं असतं. ऑगस्टमध्ये पहिला लॉट आला तेव्हा तो तपासून रिपोर्टवर सही मीच केली होती. आज घनता काढली. ०.८६७४. सहज जुना रिपोर्ट उघडला. ०.८६७४. दुसरं जहाज, दुसरा महिना, आणि चौथ्या दशांशापर्यंत तोच आकडा. एकाच कंपनीचं तेल असेल तर सारखंच असणार, असं मी स्वतःला समजावलं. पण सही नाही केली. डोकं दुखतंय म्हणाले आणि बाटली कपाटात ठेवून दिली.

आमची लॅब मुळात द्राक्षांची. युरोपात जाणाऱ्या द्राक्षांवर औषधाचा अंश किती, ते आम्ही बघतो. तिथे नियम कडक. आमचा माणूस स्वतः बागेत जातो, ओळी मोजून घड तोडतो, पिशवीला सील करतो, फोटो काढतो. शेतकऱ्याने आणून दिलेला घड आम्ही हातातही घेत नाही. तेलाची बाटली मात्र राजशेठ गाडीच्या डिकीतून काढून देतात. इतके दिवस हे कधी मनात आलं नाही.

जाताना सर दारातून विचारून गेले, "जेवलात का?" संतोष गेला आणि घरात मी एकटी उरले, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून हा प्रश्न मला सरांशिवाय कुणी विचारलेला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर नमुने. टेबलावर पिशव्यांचा ढीग. आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या नवसाबाई मध्येच येऊन म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? पाण्याला ड्रम घेतलाय भंगारातून. तेलाचा हाय. धुतला की चालंल ना?"

मी पिशव्यांवर नंबर घालत होते. मान वर न करता म्हटलं, "तीन पाण्यांनी धुवा."

२३ नोव्हेंबर, रविवार

रविवार सगळ्यात लांब असतो. कपडे, भाजी, इंदिरानगरच्या बागेला दोन फेऱ्या, तरी चार वाजत नाहीत.

आज कपाट आवरताना शाल सापडली. ऑगस्टच्या बारा तारखेला सरांनी दिलेली. माझा वाढदिवस होता. सकाळी केबिनमध्ये बोलावलं, पेढे ठेवले, "शाल वहिनींनी निवडलीय" म्हणाले. मग राजशेठचा रिपोर्ट पुढे सरकवला. "आज तुमचा दिवस. एवढी एक सही करा आणि खुशाल घरी जा." मी अर्ध्या दिवसात घरी आले होते. घरी येऊन करण्यासारखं काही नव्हतं, पण आनंद झाला होता. लॅबमधल्या बारा मुली, हंगामाची तयारी, शंभर कटकटी असताना कोण कुणाचा वाढदिवस लक्षात ठेवतं?

शाल परत पिशवीत घालून ठेवली. वापरली की जुनी होईल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नवसाबाईंचे हात बघितले. कोपरापासून वर खांद्यापर्यंत पुरळ, मध्ये मध्ये काळे ठिपके. मला वाटलं आपल्या ॲसिडचं काही झालं. हातमोजे घालत नाही म्हणून रागावले.

"ॲसिडचं नाय ओ मॅडम. ड्रम घासला ना, त्याला हात आत घालावा लागतो पार इथवर. जाईल आपोआप." मग अभिमानाने म्हणाल्या, "आपल्या काचांसारखा धुतला बघा. आधी साबण, मग सोडा, मग तीन पाणी. तुम्ही म्हनले तसंच. वास बी नाय आता. आमची पायल म्हनती, आजी, पाणी गोड लागतं."

पायल त्यांची नात. पाच वर्षांची.

तीन पाण्यांनी धुवायचं, हे अकरा वर्षांपूर्वी त्यांना लॅबमध्ये कुणीतरी शिकवलं. मी आल्यापासून मीही तेच सांगत आले. शेजारच्या बायकांना त्या सांगतात, की लॅबमध्ये इख बी तीन पाण्यांनी निघतं. काचेवरून निघतं, हे खरं आहे. बाकी कशावरून निघतं, ते त्यांना कुणी सांगितलंच नाही.

"ड्रमवर काही चिकटवलेलं आहे का?"

"हाय अर्धं. इंग्रजी हाय. लय चिवट, निघंना."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अर्धी रजा टाकून नवसाबाईंच्या वस्तीवर गेले. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवे सोडून आत. स्कूटी लावेपर्यंत चार बायका जमल्या. "मॅडम आल्या, लॅबच्या मॅडम." कुणीतरी खुर्ची आणली, ती फडक्याने पुसली.

ड्रम अंगणात, तुळशीच्या शेजारी. निळा, उन्हात चकचकीत. वर स्टीलचं ताट झाकलेलं, ताटावर तांब्या. मी खाली बसून लेबल बघितलं. युरोपातल्या एका बंदराचं नाव अर्धं फाटलेलं. त्याखाली लॉट नंबर, शेवटचे चार आकडे ४४१७.

ऑगस्टच्या रिपोर्टवर हा नंबर मीच टाइप केला होता.

पायल तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला. पाहुण्यांना पाणी द्यायचं, हे तिला शिकवलेलं असणार. मी हातात घेतला. प्यायले नाही. ती बघत राहिली.

"पीत का नाय गं ही?" तिने आजीला विचारलं.

मी सगळं पाणी ओतून द्यायला लावलं. बायका हळहळल्या, चार दिवसांनी नळ येतो तिथे. ड्रम आडवा करताना नवसाबाईंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या हाताला चव नाही म्हणाले.

ड्रमच्या तळाच्या सांध्यात बोट घातलं तर अजून चिकट. तो चिकटा खरवडून मी बाटलीत घेतला. स्वतः घेतला, स्वतः बूच लावलं, तारीख घातली.

३० नोव्हेंबर, रविवार

लॅबमध्ये आज मी एकटीच. दुपारी मशीन लावलं. द्राक्षात अब्जातला एखादा कण असला तरी दाखवणारं हे मशीन. आलेखावर एक शिखर आलं, मग दुसरं, मग ओळच लागली.

पीसीबी. हे विषारी रसायन जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात घालायचे. जगभर त्यावर बंदी येऊन कितीतरी वर्षं झाली. शरीरात गेलं की चरबीत जाऊन बसतं, निघत नाही. ते जाळून नष्ट करायला खास भट्टी लागते, आणि ती फार महाग पडते. म्हणून कुणीतरी त्याला दुसरं नाव देऊन जहाजात चढवतं.

मग राजशेठची कपाटातली बाटली लावली. सरळ रेघ. स्वच्छ, सुंदर तेल, ऑगस्टच्या बाटलीच्याच घनतेचं. ड्रममध्ये एक होतं आणि माझ्या टेबलावर दुसरंच आलं होतं.

पायलला काही झालेलं नाही. आज काही दिसणारही नाही. पंधरा वर्षांनी, वीस वर्षांनी काही झालं, तर तेव्हा कुणाला हा ड्रम आठवेल?

सरांना हे माहीत असणं शक्य नाही. राजशेठने त्यांनाही फसवलं. उद्या परवा सांगायला हवं. त्यांना किती वाईट वाटेल.

२ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं.

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत घालत राहिले. मग म्हणाले, "रविवारी तुम्ही एकट्याच आला होतात इथे?"

"हो."

"असं करत जाऊ नका, लताताई. काळजी वाटते."

एवढं भयंकर सांगितलं, तरी त्यांनी आधी माझाच विचार केला.

मग म्हणाले, "आपण काय लिहून दिलंय? मिळालेल्या नमुन्यापुरतं. प्रत्येक रिपोर्टच्या खाली ते छापलेलं असतं."

"इतकं बारीक छापलंय सर, की वाचायला भिंग लागेल."

"बारीक असलं तरी छापलंय ना."

तेवढ्यात राजशेठ आलेच. बहुतेक सरांनी बोलावलं असावं, जाब विचारायला. अत्तराचा घमघमाट. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू: "काय लताताई, आमच्या तेलाने तुमच्या मशीनला अजीर्ण झालं म्हणे?"

मी ड्रमचं सांगितलं.

"अहो, भंगारातला ड्रम म्हणजे धर्मशाळा. शंभर जण मुक्काम करून जातात. मध्ये त्यात कुणी काय भरलं, मी काय राखण करत बसू?"

"लेबल तुमच्या लॉटचं आहे."

"लेबलाचं काय घेऊन बसलात? माझ्या गाडीवर 'प्रेस' लिहिलंय. मी काय पत्रकार आहे का?"

सर हसले. मीही हसले. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली.

सर जाताना हळूच म्हणाले, "दुसऱ्या लॉटवर सही घाईने नका करू. चार दिवस विश्रांती घ्या. संतोष गेल्यापासून तुम्ही स्वतःकडे बघतच नाही."

३ डिसेंबर, बुधवार

सकाळपासून घरीच. बाझल करार वाचला. असा काही करार आहे एवढंच माहीत होतं. एकशे नव्वद देश त्यात आहेत. विषारी कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा असेल तर आधी लेखी विचारायचं. समोरच्याचा लेखी होकार येईपर्यंत जहाज हलवायचं नाही. तो गप्प राहिला म्हणजे हो म्हणाला, असं धरायचं नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. माझं लग्न ठरलं तेव्हा आई पाहुण्यांना म्हणाली होती, "गप्प बसलीय म्हणजे पसंत आहे." संतोष चांगला निघाला, ती गोष्ट वेगळी.

पुढे लिहिलंय, की खोटं नाव लावून माल आला तर ज्याने पाठवला त्याने परत न्यायचा. आपल्या नियमांत आयात करणाऱ्याला नव्वद दिवस दिलेत. दुसऱ्या लॉटचे चार कंटेनर चोवीस ऑक्टोबरला आले, कस्टमच्या डेपोत लॅबच्या रिपोर्टसाठी अडून उभे आहेत. म्हणजे बावीस जानेवारीपर्यंत. त्याआधी कुणी तरी लेखी सांगायला हवं, की हे तेल ते नव्हे.

एकशे नव्वद देशांच्या सह्या. आणि त्यांच्या वाटेत एक माझी.

५ डिसेंबर, शुक्रवार

कामावर गेले. नवसाबाई खुशीत. सरांनी त्यांच्या दारात नवी कोरी टाकी पाठवली. झाकणासकट, नळासकट. "देव मानूस हाय ओ. मी तर बोललेबी नव्हते."

"आणि ड्रम?"

"चुलत दिराला दिला. गेणूभाऊंना. वाया कशाला घालवायचा? त्यांना बागेत डिपिंगला पायजेच होता."

मी उभीच राहिले. डिपिंग म्हणजे, द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून औषधाच्या पाण्यात एकेक घड बुडवतात. ड्रममध्ये पाणी कालवतात, त्यातून मग भरून घेतात आणि बायका ओळीने घड बुडवत जातात. उघड्या हातांनी.

"कधी आहे डिपिंग?"

"उद्या सकाळच्याला. पेठच्या बाया आल्यात बारा."

६ डिसेंबर, शनिवार

सात वाजता गेणूभाऊंच्या बागेत होते. ड्रम बांधावर उभा, पाइप लावायच्या बेतात. बायका शेकोटीपाशी चहा पीत होत्या. गेणूभाऊ साठीचे, डोक्याला टॉवेल.

"ड्रम द्या मला," म्हटलं.

"घ्या की. पण मग औशीद कशात कालवू? तुमच्या डिकीत?"

बायका हसल्या. मी समजावलं. पीसीबी वगैरे सांगून उपयोग नव्हता. शेवटी म्हटलं, "भाऊ, या ड्रमातलं पाणी घडाला लागलं, तर आमच्याच लॅबमध्ये तुमचा माल नापास होईल."

हे मात्र लगेच पटलं. बायकांच्या हातांचं सांगितलं तेव्हा मान डोलावली होती. मालाचं सांगितल्यावर पाइप बंद केला. शेजाऱ्याकडून दुसरा ड्रम आणवला. हा ड्रम टेम्पोत घालून द्यायला स्वतः हात लावला, वर म्हणाले, "लताबाई, माहेरहून भांडं न्यावं तशा निघाल्या तुम्ही."

आता ड्रम माझ्या गॅलरीत आहे. तोंडाला प्लास्टिक बांधलंय. सोसायटीचे सेक्रेटरी विचारून गेले, पाण्याची टंचाई आहे का? म्हटलं, पुरावा आहे. ते ड्रमकडे एकदा वाकून बघून गेले. बऱ्याच दिवसांनी घरात दुसरं कुणीतरी असल्यासारखं वाटतंय. वेडेपणा.

९ डिसेंबर, मंगळवार

प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात गेले. अर्ज स्वतःच लिहिला होता. त्यात पहिलं वाक्य हे, की ऑगस्टचा रिपोर्ट मी दिला, आणि तो ज्या बाटलीवरून दिला ती मी भरलेली नव्हती.

साहेब तरुण आहेत. अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, एक विचारू? यात तुम्हीही अडकाल. सही तुमची आहे."

"म्हणूनच आले."

मग त्यांनी नीट समजावलं. भंगारातल्या एका ड्रमवरून डेपोतल्या कंटेनरचं सील तोडता येणार नाही. तो माणूस म्हणेल, मध्ये कुणी काही भरलं. मला राजशेठ आठवले, अगदी हेच म्हणाले होते. "पण लॅबने ऑगस्टच्या बाटलीतला काही भाग राखून ठेवला असेल ना?"

"हो. राखीव नमुना. सहा महिने ठेवावाच लागतो."

"त्याच्यावर पार्टीचं सील आणि लॅबची सही?"

"हो. ज्याने नमुना स्वीकारला त्याची. शेखर सरांची."

"झालं तर. ती बाटली आणि हा ड्रम शेजारी शेजारी ठेवले, एकाच लॉटची दोन तेलं दिसली, की बनवाबनवी झाली हे सिद्ध होतं. मग मी सील तोडू शकतो, वर दिल्लीला कळवू शकतो, ते त्या देशाला कळवतील. बाटली आणा. आणि तुमच्या सरांना घेऊन या. स्वीकारली कुणी, ते त्यांनीच सांगायला हवं."

केवढा हलका जीव झाला. सर आहेत, म्हणजे काळजी नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सरांना सगळं सांगितलं. राखीव नमुन्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खिडकीबाहेर हायवेकडे बघत म्हणाले, "हंगामाच्या तोंडावर लॅबची मान्यता गेली तर काय होईल, विचार केलात? या बारा मुली कुठे जातील? गेणूभाऊंसारख्यांचा माल कोण तपासेल?"

"पण सर, तुम्हाला राजशेठने फसवलंय, एवढंच तर सांगायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून उलगडत नाही. दया होती का? "लताताई, तुम्ही फार चांगल्या आहात," म्हणाले. आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले.

१२ डिसेंबर, शुक्रवार

डबा खायला बसले तर मुली उठल्या. एकीने "मॅडम, झालंय आमचं" म्हणून डबा बंद केला, त्यात अर्धी पोळी दिसत होती.

नवसाबाई मागच्या दाराशी गाठून म्हणाल्या, "मॅडम, साहेबाच्या कागदात माझं नाव हाय का?"

"अजून नाही."

"घालू बी नका. पाया पडते. सरांनी टाकी दिली. उद्या म्हनतील, खाल्ल्या घरचे वासे मोजती."

"पायलचं काय, नवसाबाई?"

"पायल खेळती की. तुम्हीच उगा..." पुढचं गिळलं. मग हात पुढे केले. "बघा, पुरळ बी बसलं."

बसलेलं नव्हतं. पण मी हो म्हटलं. हळद लावू नका, डॉक्टरांना दाखवू, मी येते बरोबर, एवढं म्हटलं. त्या हसल्या. "तुम्हाला सोबत पायजे तर सांगा की तसं."



१४ डिसेंबर, रविवार

काल संध्याकाळी निघताना बघितलं. राखीव नमुन्यांच्या कपाटाला नवं कुलूप आहे. सरांना विचारलं, तर म्हणाले, जुन्याची किल्ली हरवली.

जुनी किल्ली त्यांच्या गाडीच्या चाव्यांच्या जुडग्यात असते. काल जुडगा टेबलावर होता. पितळी किल्ली त्यात होती. कदाचित दुसऱ्या कुठल्या कपाटाची असेल.

आज दिवसभर काही वाचवलं नाही. ऑगस्टची बारा तारीख पुन्हा पुन्हा आठवते. पेढे. शाल. 'एवढी एक सही करा.' मी काय शोधते आहे, ते मलाच नको आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

सर आज स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "तुमच्या डोक्याचा ताप गेला. राजशेठने दुसऱ्या लॅबकडून रिपोर्ट आणला. शुक्रवारी कंटेनर सुटतील." मग, "जेवलात का?"

पहिल्यांदाच मी उत्तर दिलं नाही.

मंडळातल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, उद्या साडेदहाला जबाब घेतो. बाटली आली तर शुक्रवारच्या आत थांबवता येईल. नाही आली, तर तुमचा जबाब फाइलला लागेल आणि माल सुटेल. त्यांचा आवाज चांगला होता, पण त्यांनाही आशा नव्हती.

सरांच्या घरी जावं असं मनात आलं होतं. दारात वहिनी आल्या तर काय बोलायचं? म्हणून इथेच लिहिते आणि मग फोनवर उतरवून पाठवते. लिहायला घेतल्यावर लक्षात आलं, की नऊ वर्षांत मी सरांकडे कधी काही मागितलंच नाही. तेच देत आले आणि मी घेत आले.

सर,

उद्या साडेदहाला मंडळाच्या ऑफिसात माझा जबाब आहे. ऑगस्टची राखीव बाटली घेऊन तुम्ही तिथे यावं, अशी विनंती आहे.

कुलूप का बदललं, ते मी विचारत नाही. बाटली अजून आत आहे, असं धरून लिहिते आहे. ती आली, तर चार कंटेनर जिथून निघाले तिथे परत जातील. नाही आली, तर ते ड्रम रिकामे होऊन कुणाकुणाच्या अंगणात उभे राहतील. त्या बायकाही ते घासूनपुसून लख्ख करतील.

लॅब जाईल, हे खरं आहे. माझी सही तर जाणारच आहे. तुमच्या जागी मी असते तर गेले असते का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. तुम्हाला कधीपासून माहीत होतं, हेही मला ऐकायचं नाही. साहेबांना सांगा, मी बाहेर जाऊन उभी राहीन.

तुम्ही येणार नाही. बहुतेक या निरोपाला उत्तरही देणार नाही. तरी विचारते.

या. बाटली घेऊन या. मी दहापासून बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. शेजारी जागा धरून ठेवते.

लता